बाटली का फुटली? घरच्या बिअरमधले बुडबुडे, फेस आणि गढूळपणा डीबग करताना

रात्री पावणेदोनला घरात काहीतरी जोरात फुटलं. मी दचकून उठलो, तर शेजारच्या खोलीतून माझा नागपूरचा फ्लॅटमेट ओरडला, "काय फुटलं बे?"

आम्ही लीड्सला भाड्याच्या घरात राहतो. जिन्याशेजारी गरम पाण्याच्या टाकीभोवती लाकडी कपाट आहे. इथल्या जुन्या घरांत असं कपाट सर्रास असतं, टाकीच्या उबेवर लोक टॉवेल आणि चादरी वाळवतात. त्या कपाटात मी माझ्या पहिल्या बिअरच्या ४४ बाटल्या ठेवल्या होत्या. दार उघडलं तर टॉवेलांत काचा, भिंतीवरून बिअर ओघळतेय, आणि एक काच दाराच्या फळीत आतून रुतलेली. साडेअकराला फ्लॅटमेटने त्याच कपाटातून अंघोळीचा टॉवेल घेतला होता.

आणखी ४३ बाटल्या आत उभ्या होत्या, आणि त्यातली पुढची कोणती फुटणार हे आम्हाला माहीत नव्हतं.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलू. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या घरी पिण्यापुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात तसं अजिबात नाही. तिथे दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते "फक्त घरच्यासाठी" का असेना. त्यामुळे पुण्या-नाशकात बसून हा लेख कृती म्हणून वापरू नका. पण घरी कोंबुचा किंवा आल्याची जिंजर बिअर करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरणारे आता बरेच जण आहेत, आणि त्यांच्या बाटल्या नेमक्या याच कारणाने फुटतात. बाहेरदेशी राहून हा उद्योग करणारे मराठी लोकही माझ्या ओळखीत आहेत. हा लेख दोघांसाठी.

बुडबुडे येतात कुठून?

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. मोठ्या बादलीत बिअर आंबत असते तेव्हा हा वायू झाकणावरच्या एअरलॉकमधून बुडबुड निघून जातो. आंबणं पूर्ण झालं की बिअर जवळजवळ सपाट असते. मग बाटलीत भरताना मोजून थोडी साखर घालायची आणि झाकण ठोकायचं. उरलेलं यीस्ट तेवढी साखर खातं, वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो बिअरमध्येच विरघळतो. या साखरेला प्रायमिंगची साखर म्हणतात.

योगायोग म्हणजे ही सगळी कहाणी लीड्सचीच आहे. जोसेफ प्रीस्टली १७६७ मध्ये इथे राहायला आला, आणि त्याच्या घराशेजारी दारूची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपांवर साचणाऱ्या वायूवर त्याने प्रयोग केले आणि तो पाण्यात विरघळवून सोडा वॉटर बनवलं. १७७२ मध्ये त्याची रीत छापून आली. आपल्याकडच्या गोटी सोड्याचं मूळ शोधत गेलात तर या पिंपांपाशी पोचाल.

किती वायू विरघळलाय हे 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. १ लिटर बिअरमध्ये १ लिटर वायू म्हणजे १ व्हॉल्यूम. पारंपरिक ब्रिटिश एलमध्ये १.५ ते २, बहुतेक पेल एलमध्ये २.२ ते २.७, आणि जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये ३.५ च्याही पुढे. साधी बाटली ३ च्या आसपासपर्यंत भरवशाची समजतात. त्याच्या वर जायचं तर जाड काचेची बाटली लागते.

माझा बग

जानेवारी होता आणि आम्ही हीटिंग जपून लावत होतो, त्यामुळे खोलीचं तापमान १३-१४ अंश असायचं. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून आई पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायची, हे मी वीस वर्षं पाहिलंय. तरी बादली मी त्या गारठ्यात ठेवली.

वर मी इंजिनिअर. एअरलॉकला एक छोटा सेन्सर लावला, तो बुडबुडे मोजून वायफायवरून फोनवर ग्राफ काढायचा. पहिले चार दिवस ग्राफ छान चढला, मग उतरला, आणि दहाव्या दिवशी शून्यावर आला. डॅशबोर्ड सांगतंय "संपलं", म्हणून मी बाटल्या भरल्या. आणि लवकर गॅस धरावा म्हणून त्या त्या उबदार कपाटात ठेवल्या.

खरी गोष्ट अशी होती की यीस्टचं काम झालं नव्हतं, ते गारठून बसलं होतं. बादलीत बरीच साखर उरलेली होती. बाटल्या उबेला गेल्यावर ते जागं झालं आणि आधीची उरलेली साखर अधिक प्रायमिंगची साखर असं दोन्ही खायला लागलं, तेही बंद बाटलीत.

एअरलॉकचे बुडबुडे म्हणजे "प्रोसेस चालू आहे" याचा एक दूरचा लॉग. झाकण नीट बसलं नसेल तर आंबणं जोरात चालू असतानाही बुडबुडा येत नाही. उलट, खोली जराशी तापली तर काम संपल्यावरही विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुडे येतात. जे मोजणं सोपं होतं ते मी मोजलं, आणि जे मोजायला हवं होतं ते राहून गेलं.

मोजायला हवी ती घनता. त्यासाठी लागतो हायड्रोमीटर: काचेची तरंगणारी नळी, दुधाच्या लॅक्टोमीटरची बहीण. पाण्याचं वाचन १.०००. साखर जास्त तितकी नळी वर तरंगते, साखर संपत जाते तशी खाली जाते. माझी बिअर सुरुवातीला १.०४२ होती, ती १.०११ च्या आसपास थांबायला हवी होती.

गंमत अशी की माझ्याकडे बाटल्या भरल्या दिवसाचं वाचन होतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला मी हायड्रोमीटरचा फोटो काढला होता. सोनेरी बिअर, त्यात काचेची नळी, मस्त दिसत होती. स्फोटानंतर तो फोटो झूम केला तर आकडा दिसला १.०१७. मग एक बाटली थंड करून, उघडून, त्यातला गॅस पूर्ण काढून मोजली: १.०११.

आता हिशोब करा. घनता ०.००१ ने खाली आली की सुमारे अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. ६ पॉइंट म्हणजे ३ व्हॉल्यूम. प्रत्येक बाटलीत मी अर्धा चमचा, म्हणजे अंदाजे अडीच ग्रॅम साखर घातली होती, त्याचे सव्वा. आंबताना बिअरमध्ये आधीच विरघळून राहिलेला १. एकूण सव्वापाच! हा आकडा शॅम्पेनच्या जवळ जातो, आणि शॅम्पेनची बाटली हातात घेतली असेल तर ती किती जड असते हे तुम्हाला माहीत असेल. माझ्या साध्या होत्या.

मग त्या ४३ बाटल्यांचं काय केलं?

हे सविस्तर सांगतो, कारण कधी वेळ आलीच तर घाईत शोधत बसायला नको.

पहिला नियम, हात लावण्याआधी डोळे झाका. मी ड्रिलिंगचा गॉगल, हिवाळ्याचं जाड जॅकेट आणि ओव्हनचे हातमोजे घातले. कपाटाचं दार बंद करून आधी टाकीचं हीटिंग बंद केलं आणि कपाट गार व्हायला काही तास दिले. दुसरा नियम, उघडायच्या आधी थंड करा. द्रव जितका गार, तितका जास्त वायू त्यात विरघळून राहतो आणि बाटलीतला दाब उतरतो. सकाळी एकेक बाटली जाड चादरीत धरून प्लास्टिकच्या झाकणाच्या खोक्यात ठेवली आणि खोका मागच्या अंगणात नेला. लीड्सचा जानेवारी म्हणजे फुकटचा फ्रिज. दोन दिवसांनी एकेका बाटलीवर टॉवेल टाकून ओपनरने झाकण किंचित उचललं, फस्स आवाज थांबेपर्यंत थांबलो, आणि सगळी बिअर ओतून दिली. गॅस सोडून नवीन झाकण ठोकता येतं, काही जण तसं करतात. ५ व्हॉल्यूमला मी तो जुगार खेळलो नसतो.

आता मी काय करतो

घनता दोनदा मोजतो, मध्ये दोन-तीन दिवस सोडून. दोन्ही आकडे सारखे आणि अपेक्षित जागी असले तरच बाटल्या. सारखे आहेत पण जास्त आहेत, उदाहरणार्थ दोन्ही वेळा १.०१७, तर बादली १९-२० अंशाला आणतो, हलकेच हलवतो आणि आठवडाभर वाट बघतो. माझ्या पहिल्या बॅचमध्ये दोनदा मोजूनही मी फसलोच असतो, कारण गारठलेलं यीस्ट दोन्ही वेळा तोच आकडा देतं. म्हणून "अपेक्षित जागी" हे शब्द महत्त्वाचे.

वाचन घेताना नमुन्यातला गॅस आधी काढा, एका ग्लासातून दुसऱ्यात पाचसहा वेळा ओतून. नळीला बुडबुडे चिकटले तर ते तिला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. फोटो काढणार असाल तर कॅमेरा द्रवाच्या पातळीला समोर धरा. वरून काढलेल्या फोटोत एक-दोन पॉइंटची चूक सहज होते. आणि नमुना परत बादलीत ओतू नका.

गॅजेटवाल्यांसाठी: 'आयस्पिंडल' नावाचं ओपन सोर्स उपकरण आहे. एका नळीत छोटं वायफाय बोर्ड, बॅटरी आणि एक्सेलरोमीटर. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, तिथे हेच तंत्र वापरतात. नळी बिअरमध्ये तिरकी तरंगते, घनता बदलली की तिचा कोन बदलतो, आणि कोनावरून घनता काढतात. ब्लूटूथवर चालणारं 'टिल्ट' हे तयार उपकरणही याच तत्त्वावर आहे. माझ्याकडे आयस्पिंडल आहे, मला आवडतं, पण फेसाचा थर किंवा बुडबुडे चिकटून त्याचा कोन बिघडतो. ग्राफ उतरतोय की सपाट झालाय एवढ्यासाठी ठीक. बाटल्या भरायचा निर्णय काचेच्या नळीवरच.

साखरही चमच्याने मोजत नाही. एकाचा अर्धा चमचा दोन ग्रॅम, दुसऱ्याचा तीन. सगळ्या बॅचची साखर एकदम वजन करतो. मला २.३ व्हॉल्यूम हवेत, बिअरमध्ये १ आधीच आहे, म्हणजे १.३ वाढवायचेत. एका व्हॉल्यूमला लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साधी साखर लागते. तर लिटरला ५.२ ग्रॅम, २३ लिटरला सुमारे १२० ग्रॅम. ऑनलाइन कॅल्क्युलेटरही हेच करतात. त्यांत तापमान विचारतात तिथे लोक हमखास चुकतात. आत्ताचं तापमान टाकायचं नसतं. आंबणं संपत आल्यापासून बिअर जास्तीत जास्त किती अंशाला गेली होती ते टाकायचं, कारण आधीचा वायू किती उरलाय हे त्यावर ठरतं.

साखर थोड्या पाण्यात उकळून, गार करून, रिकाम्या स्वच्छ बादलीत ओततो आणि तिच्यावर बिअर नळीने हळूच सोडतो. शिंतोडे उडू द्यायचे नाहीत, ऑक्सिजन मिसळला की बिअर काळपट पडते आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

शेवटची युक्ती सगळ्यांत स्वस्त: एक बाटली प्लास्टिकची भरा, कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची चालते. रोज दाबून बघा. कोल्ड्रिंकइतकी टणक झाली की गॅस धरलाय. दगडासारखी झाली, तळ फुगायला लागला, तर काचेच्या बाटल्या लगेच थंडीत हलवा. कोंबुचावाल्यांनी तर ही एक गोष्ट नक्की करावी.

उलटा प्रॉब्लेम: गॅसच नाही

दोन आठवडे झाले, बाटली उघडली, आणि साधा फुस्सही नाही. बहुतेक वेळा उत्तर एकच, थांबा. २० अंशाला दोन-तीन आठवडे लागतात, १४ ला महिना-दीड महिनाही. बाटल्या खोलीतल्या उबदार जागी आणा आणि एकदा हलकेच उलट्या करून तळाचं यीस्ट मोकळं करा. झाकण बोटांनी फिरतंय का बघा. फिरत असेल तर ते नीट ठोकलंच गेलं नाही आणि गॅस निसटतोय.

सपाट दिसली म्हणून बाटलीत वरून साखर घालू नका. गॅस थोडासा जरी असेल तर साखरेचा दाणा पडताक्षणी फेस छताला. आणि यीस्ट नुसतं सुस्त असेल तर तुम्ही माझं कपाट पुन्हा घडवताय.

गॅस धरलाय असं वाटलं की पिण्याआधी बाटली एक-दोन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा. तासाभरात गार झालेल्या बाटलीत बराच वायू अजून वरच्या मोकळ्या जागेतच असतो. उघडल्यावर तो निघून जातो आणि बिअर बेचव लागते.

काही बाटल्या उसळतात, काही नाही

इथे डीबगिंगची खरी मजा आहे. सगळ्याच बाटल्या उसळत असतील तर दोष सगळ्यांना सामाईक जागी: साखर जास्त, आंबणं अपुरं, किंवा बादलीतच जंतुसंसर्ग. चारदोनच उसळत असतील तर बाटलीच्या पातळीवर शोधा: साखर नीट मिसळली नाही, किंवा त्या बाटल्या धुतल्याच नाहीत नीट. रिकामी बाटली प्रकाशासमोर धरून तळ बघा. वाळलेला गाळ दिसला तर वरून कितीही निर्जंतुक द्राव ओता, आतले जीव सुखरूप असतात. आधी घासणं, मग निर्जंतुकीकरण.

बाटलीच्या गळ्याशी, बिअरच्या पातळीवर पांढरट कडं दिसलं, चव आंबट किंवा विचित्र झाली, आणि गॅस दर आठवड्याला वाढतच राहिला, तर रानटी यीस्ट किंवा जिवाणू आत शिरलेत. नेहमीच्या यीस्टला पचत नाही अशी साखरही काही रानटी यीस्ट खातात, त्यामुळे तुमची "अपेक्षित जागा" त्यांना लागू नाही. अशी बॅच थंड करून संपवा किंवा ओता.

निदान एका बाटलीवरून करू नका. इंजिनिअरिंगच्या गणितात टी-टेस्ट शिकला असाल, ती गिनेसच्या भट्टीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने काढली. १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली, कारण थोड्याच नमुन्यांवरून किती विश्वास ठेवायचा हा त्याचा रोजचा प्रश्न होता. मी टी-टेस्ट लावत नाही, पण वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या तीन बाटल्या उघडतो.

गढूळ दिसतेय

आधी हे बघा, ती गढूळच असायला हवी का? गव्हाची बिअर आणि हल्लीची हेझी आयपीए तशीच असते. तसं नसेल तर फोन काढा. बाटलीतली बिअर तळ न ढवळता ग्लासात ओता, मागे वर्तमानपत्र धरा, फोटो घ्या. मग ग्लास खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि त्याच जागी, त्याच दिव्याखाली दुसरा फोटो. स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करा, नाहीतर फोन स्वतःच उजेड वाढवून दोन्ही फोटो सारखे करतो.

गार असताना धूसर आणि कोमट झाल्यावर अक्षरं स्पष्ट, तर हा चिल हेझ. थंडीत खोबरेल तेल पांढरं होतं आणि उन्हात ठेवलं की पुन्हा नितळ, तसंच काहीसं. माल्टमधली प्रथिनं आणि माल्टच्या टरफलातली व हॉप्समधली पॉलिफेनॉल थंडीत एकमेकांना धरतात. चवीला काही होत नाही. पुढच्या वेळी उकळ संपायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी आयरिश मॉस घाला आणि उकळलेला रस झटपट गार करा. तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवूनही बरंच खाली बसतं.

दोन्ही फोटोंत धूसर, तर बहुधा यीस्ट तरंगतंय. थंडीत उभी ठेवा, तळाशी बसेल. तळाचा पातळ थर नॉर्मल आहे, ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच सोडा. आधी स्वच्छ असलेली बिअर आठवड्यांनंतर गढूळ व्हायला लागली, तर मात्र गळ्याजवळचं कडं शोधा.

निवळण्यासाठी आपण पाण्यात तुरटी फिरवतो, तशी बिअरमध्येही द्रव्यं घालतात. शाकाहारींनी इथे जपून: जिलेटिन जनावरांपासून येतं आणि पारंपरिक ब्रिटिश एलमधलं आयझिंग्लास माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून. आयरिश मॉस समुद्री शेवाळ आहे, ते चालेल.

फेस टिकत नाही

गॅस आणि फेस वेगळे. गॅस भरपूर असूनही फेस दहा सेकंदांत बसत असेल तर आधी ग्लासवर संशय घ्या. फेस माल्टची प्रथिनं आणि हॉप्सचा कडवटपणा यांच्यावर उभा असतो, आणि तेलाचा पुसट थर त्याला मारतो. आमच्या घरी तेच ग्लास, तोच स्पंज, आणि त्याच स्पंजने फोडणीची कढई. दोन बॅच मी रेसिपी बदलत बसलो होतो.

ओळखायची खूण: बिअर ओतल्यावर ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर तिथे तेलकटपणा आहे. धुतलेल्या ग्लासातून पाणी ओता, स्वच्छ काचेवर ते सलग पापुद्र्यासारखं उतरतं, तेलकट काचेवर थेंब-थेंब तुटतं. बिअरच्या ग्लासांना वेगळा स्पंज ठेवा, साबण भरपूर पाण्याने काढा, आणि फडक्याने न पुसता उलटे वाळवा.

आत्ता माझी सहावी बॅच बाटल्यांत आहे. झाकणाच्या प्लास्टिक खोक्यांत, जिन्याखाली, १९ अंशाला. प्लास्टिकची बाटली काल संध्याकाळी कोल्ड्रिंकइतकी टणक लागली. कपाटात पुन्हा टॉवेल आले आहेत, पण फ्लॅटमेट अजून दार उघडताना एक पाऊल बाजूला उभा राहतो.